दिवा लागला असला तरी

दि. ४, मंगळवार

चि. मुलीस,

आशीर्वाद आधी लिहितो. पुढचे वाचून तू कागद चुरगाळलास, तर निदान तेवढे तरी तुझ्यापर्यंत पोहोचलेले असावे.

तुझी पोलीस चौकी आपल्या खिडकीतून दिसते. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर वावरणाऱ्या मुलीला बापाने पत्र लिहावे, यातील हास्यास्पदता मला कळते. तुझ्या आईने ती सकाळीच पदरात घातली. "दोन जिने उतरायचे, रस्ता ओलांडायचा आणि बोलायचं. त्याला कागद कशाला लागतो?"

मी म्हणालो, "तिच्या छातीवर तो डोळा आहे. समोर माणूस आला की ती बटण दाबते, तांबडा दिवा लागतो, आणि मग बोललेले प्रत्येक अक्षर कुठल्याशा सरकारी यंत्रात जाऊन बसते. बाप-लेकीचे बोलणे तिथे ठेवायचे आहे का?"

तिने डब्याचे झाकण गरजेपेक्षा जास्त जोराने लावले. "कॅमेरा आत्ता आला. तुमचं तोंड त्याच्या कितीतरी आधीपासून बंद आहे."

मग मी लिहायला बसलो. हे पत्र डब्याच्या पिशवीतून येईल. तुझी आई रोज तुला डबा देते, हे मला ठाऊक नाही असे समजायचे आमच्यात ठरलेले होते. आजपासून ते समजणे संपले.

आता कामाचे. शनिवारी इस्त्रीवाल्याच्या दुकानापाशी जे झाले, त्यावरून वस्ती पेटली आहे. पदपथावर आलेले त्याचे टेबल मागे घ्यायला लावताना तू त्या म्हाताऱ्याला ढकललेस, असे सगळे सांगतात. तुझ्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी तुझा खांदा पुढे गेलेला पाहिला आणि तो पडलेला पाहिला. त्याची कंबर धरली आहे, दुकान बंद आहे. तुझी इथून बदली व्हावी आणि तुझ्यावर कारवाई व्हावी, अशी तक्रार डेअरीवाल्याने त्याच्याकडून करवून घेतली आहे.

लोकांच्या रागाला जुने मूळ आहे. तुझ्या आधीच्या अधिकाऱ्याने मागच्या गल्लीतल्या मुलाच्या कानाखाली वाजवली होती. त्या मुलाला त्या कानाने आजही ऐकू येत नाही. चौकशीत "असे काही घडलेच नाही" एवढे एकच वाक्य मिळाले. कॅमेरे त्यानंतर आले. ज्यांना एकदा असे वाक्य मिळाले आहे, ते तुझ्या शब्दावर कसे विसंबतील?

नवा नियम असा की तक्रारदाराची संमती असेल तर वस्तीतील तिघांनी ठाण्यात बसून चित्रण पाहावे आणि आपले मत लेखी द्यावे. काल खालच्या सभागृहात निवड झाली. दवाखान्यातल्या नर्सबाई, डेअरीवाला आणि मी. मी उठून म्हणालो, "ती माझी मुलगी आहे, मला वगळा." डेअरीवाला म्हणाला, "म्हणूनच तर तुम्ही, काका! तुम्ही तिच्याशी बोलतसुद्धा नाही. तुमच्याइतका कडक माणूस आम्हाला कुठं मिळणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्यातील अबोला हीच माझ्या निःपक्षपातीपणाची सनद ठरली.

शनिवारी काय झाले, हे मला कळवू नकोस. पाहण्याआधी मी ऐकता कामा नये. तसे तू कळवणारही नाहीस.

तुझी आई म्हणते, काल तू डबा डाव्या हाताने घेतलास. मी म्हणालो, कोणत्याही हाताने घेईना का. ती पिशवी घेऊन आत गेली.

बाबा


दि. ६, गुरुवार

चि. मुलीस,

ठाण्यात उद्या जायचे आहे. आज सायंकाळच्या प्रवचनात क्षमेचे प्रकरण लागले होते. ते मी इतक्यांदा सांगितले आहे की जीभ आपोआप चालते. आज मात्र मध्येच थांबावे लागले. पुढचे पद आठवेना. समोर डेअरीवाला पहिल्या रांगेत डोळे मिटून डोलत होता. त्याला वाटले, मी भावविभोर झालो.

मला भीती वाटते आहे, हे इथे लिहितो. समोर बोलता आले नसते. भीती दोन प्रकारची आहे. उद्या त्या पडद्यावर तू खरोखर ढकलताना दिसलीस तर मला तसे लिहून द्यावे लागेल, आणि मी देईन. तुझी नोकरी जाईल, तीही माझ्या सहीने. आणि तू ढकललेले नसले, तरी वस्ती म्हणेल की शेवटी बाप तो बाप. या दुसऱ्या भीतीचे मला काही वाटत नाही. पहिलीने जेवण जात नाही.

तू गणवेश घेतलास तेव्हा मी म्हणालो होतो, ज्याच्या हातात काठी येते त्याची वाणी शुद्ध राहत नाही. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या पोथीतले सगळे देव हातात शस्त्र घेऊनच उभे आहेत. त्यांची वाणी बिघडली का?" ते उत्तर बिनतोड होते. तू चुकीचे बोलली असतीस तर मी समजूत घातली असती. तू बरोबर बोललीस, म्हणून राग आला. तो रागही कधीच विझला होता. पण अबोल्याला एकदा वळण पडले की तो रागावाचूनही चालत राहतो.

या कॅमेऱ्याने वस्तीचे काय केले आहे, ते तुला तुझ्या बाजूने दिसत नसेल म्हणून सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार द्यायला जाण्यापूर्वी केस विंचरतात. जे एकमेकांना "ए" म्हणून हाक मारतात, ते तुझ्यासमोर "सदर इसम" म्हणू लागले आहेत. परवा दोन शेजारी नळावरून भांडत होते. तू आलीस, दिवा लागला, आणि दोघेही एकमेकांना "आपण आधी भरा" म्हणू लागले. तू वळलीस तशी बादली पुन्हा डोक्यात. हसू नकोस. पूर्वी लोक चौकीत येऊन कुणाचे पोर कुठल्या संगतीत आहे हे कानाशी सांगून जात. आता तुम्हाला कान राहिला नाही, डोळाच राहिला, असे लोक म्हणतात. तरीही जिच्या मुलाचा कान गेला, ती बाई म्हणते, डोळा असू दे. तिचे मला खोडून काढता येत नाही.

साक्षीविषयी मी आयुष्यभर बोलत आलो. जो सर्व पाहतो आणि कशातही हात घालत नाही, तो साक्षी. ते तत्त्व मांडताना मला कधी घाम फुटला नाही. उद्या तो साक्षी एका टेबलावर, पडद्यावर असेल, आणि मला घाम फुटला आहे.

तुझी आई म्हणते, "भिंगरीनं ढकललं असेल तर त्याला कारण असेल." ती तुला अजून त्याच नावाने हाक मारते. मी म्हणालो, कारण असले तरी ढकलणे ते ढकलणेच. ती म्हणाली, "झोपा आता."

बाबा


दि. ७, शुक्रवार, दुपार

चि. बाळ,

आत्ताच परतलो. चप्पल काढायच्या आधी हे लिहितो आहे. तुझी आई समोर उभी आहे आणि "सांगा की, सांगा की" म्हणते आहे. तिला एका वाक्यात सांगितले. ती स्वयंपाकघरात गेली आहे आणि आतून रडण्याचा आणि भांडी घासण्याचा आवाज एकदमच येतो आहे.

ठाण्यातली खोली लहान होती. तीन खुर्च्या, त्यांच्यावरचे प्लास्टिक अजून काढलेले नव्हते. चित्रणांची जबाबदारी असलेल्या बाईंनी आधीच सांगितले, "सुरुवातीचा भाग मुका आहे. बटण दाबायच्या आधीचं थोडं चित्र यंत्र आपणहून धरून ठेवतं, पण त्याला आवाज नसतो."

मी तुला पाहायला म्हणून बसलो होतो आणि तू कुठेच नव्हतीस. हे मला आधी सुचले नव्हते. तुझा कॅमेरा तुला दाखवत नाही. तो आम्हाला दाखवतो, तुझ्या छातीच्या उंचीवरून.

त्या मुक्या भागात इस्त्रीवाला हसत होता. त्याने स्टूल ओढले आणि सदऱ्याच्या टोकाने पुसून पुढे केले. तू बसली नाहीस. खालून दोन हात चित्रात आले आणि त्यांनी टेबलाचे एक टोक धरले. उजव्या हाताची करंगळी थोडी वाकडी. दारात सापडली होती तेव्हा तू चार वर्षांची होतीस. त्या करंगळीवरून मी तुला ओळखले. दुसरे टोक इस्त्रीवाल्याने धरले होते. तुम्ही दोघे मिळून ते टेबल भिंतीकडे सरकवत होता. कोणी कोणावर ओरडत नव्हते. मी नर्सबाईंकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. डेअरीवाल्याने खुर्ची थोडी मागे घेतली.

मग गर्दी आली, चित्र वळले आणि आवाज सुरू झाला. तुझा आवाज: "चित्रण चालू आहे, सगळ्यांनी ऐका." इतक्या वर्षांनी तुझा आवाज मी असा ऐकला.

त्यानंतर आमचे चेहरे. मी त्यातला एकेक रोज संध्याकाळी समोर बसलेला पाहतो. तेच कपाळ, तेच कानातले, पण तोंडे अशी की क्षमेचे प्रकरण या माणसांना कुणी सांगितले असेल असे वाटू नये. मधोमध आपला डेअरीवाला. "गरिबाचंच टेबल दिसतं होय गं तुला?" आणि मग, अगदी स्पष्ट: "बापानं टाकलेली पोर, ती आम्हाला कायदा शिकवणार!"

खोलीत पंखा फिरत होता. डेअरीवाला स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. पडद्यावर काहीच हलले नाही. फक्त एक श्वास ऐकू आला. लांब घेतलेला, धरून ठेवलेला, सावकाश सोडलेला. पाठांतर चुकले की तू असाच श्वास घ्यायचीस आणि कुणी न सांगता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. मग तू म्हणालीस, "टेबल फक्त मागे घेतोय, काका. दुकान कुणी बंद करत नाही." त्याला तू काका म्हणालीस. त्या शब्दानंतरही.

चित्र पुन्हा टेबलाकडे वळले आणि पुढचे फार झटपट झाले. बाईंना ते तीनदा दाखवावे लागले. गोंगाटाने इस्त्रीवाला गडबडला. दोन्ही हात वर करून तो गर्दीला गप्प करू पाहत होता आणि मागे सरत होता. टेबल नुकतेच हलवलेले. इतकी वर्षे जिथे मोकळी जागा असायची, तिथे आता टेबलाची कड होती आणि कडेला तापलेली इस्त्री उभी. त्याचे कोपर टेबलाला लागले. इस्त्री त्याच्या पाठीवर कलली. वाकड्या करंगळीचा हात त्याच्या बगलेजवळून पुढे गेला आणि इस्त्रीच्या तळालाच तळवा लावून त्याने ती पलीकडे लोटली. चित्र काळे झाले, तो तुझा खांदा त्याच्या अंगावर आदळला तेव्हा. उजेड आला तेव्हा तो कपड्यांच्या गाठोड्यावर बसलेला होता आणि इस्त्री टेबलापलीकडे वायरला लोंबकळत होती.

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. "थांबवा. मागे घ्या. इथे थांबवा." मग माझ्याकडे वळून, "काका, तळहात भाजलाय हो तिचा. पट्टी कुणी केली?"

मला माहीत नव्हते. डाव्या हाताने घेतलेला डबा मला माहीत होता, आणि मी म्हणालो होतो, कोणत्याही हाताने घेईना का.

यात कोणीच खोटे बोललेले नव्हते. मागच्यांना खांदा दिसला. इस्त्रीवाल्याला धक्का कळला, पाठीमागची इस्त्री त्याने पाहिलीच नव्हती. खरे काय ते तुला ठाऊक होते, आणि तू बोलली नाहीस. चित्रण बोलेल म्हणून थांबलीस. आपल्या तोंडापेक्षा यंत्रावर माणसाचा जास्त विश्वास बसेल, असे माझ्या मुलीला वाटावे, याचे मी किती वेळ चिंतन करीन कोण जाणे. आज मात्र मला केवळ हायसे वाटते आहे.

साक्षी पाहतो, हात घालत नाही, असे मी काल लिहिले. तुझ्या छातीवरच्या त्या साक्षीने काही केले नाही. हात तू घातलास.

भाजल्यावर लावायचे मलम आईने पिशवीत ठेवले आहे. उजव्या हाताला.

बाबा


दि. ८, शनिवार

चि. बाळ,

काल सायंकाळचे सांगायचे राहिले. सभागृह भरले होते. प्रवचनाला इतकी माणसे कधी येत नाहीत. मी पोथी बांधून बाजूला ठेवली आणि पाहिलेले सांगितले, जसे घडले त्याच क्रमाने. डेअरीवाल्याचे वाक्य आले तेव्हा मी थांबलो नाही.

तो उठला. "काका, तेवढं एक गाळलं असतं तर चाललं नसतं का?"

"मी गाळले असते," मी म्हणालो. "यंत्राने ठेवले आहे."

"तोंडातून गेलं हो. रागात माणूस..."

"तो शब्द खोटा आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही तो हवेतून आणला नाहीत. माझ्या वागण्यातून उचललात. म्हणून त्याची अर्धी लाज माझी."

तो पहिल्या रांगेत न बसता दाराशी जाऊन बसला.

इस्त्रीवाल्याला खुर्चीसकट उचलून आणले होते. त्याने दोनदा विचारले, "म्हणजे इस्त्री माझ्या पाठीवर येत होती?" मग स्वतःच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "आणि मी हिच्यावर तक्रार केली! आता माझी बायको मला घरात घेणार नाही." बायको शेजारीच बसली होती. "घेईन," ती म्हणाली, "पण आधी त्या पोरीच्या पाया पडून या." "अगं, ती माझ्या नातीएवढी!" "मग हात धरा. डावा." सभागृह हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे खोकला आला.

फक्त ज्या मुलाचा कान गेला, त्याची आई हसली नाही. ती एवढेच म्हणाली, "माझ्या लेकाच्या वेळी हे असतं तर." मी पोथी पुन्हा उघडली नाही.

तक्रार आज सकाळी मागे घेतली गेली. दुपारी इस्त्रीवाला बायकोच्या खांद्याला धरून आणि बायको ते स्टूल घेऊन चौकीकडे निघालेले मी खिडकीतून पाहिले. तू बाहेर आलीस. दिवा लागलेला होता, इतक्या लांबूनही तो तांबडा ठिपका दिसतो. म्हाताऱ्याने हात जोडले, मग तुझा डावा हात धरला. मग तो कॅमेऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला आणि तू हसलीस. काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. तुझी आई म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? हसली ना?"

बाबा


दि. १०, सोमवार

भिंगरी,

तुझा निरोप आईने आणून दिला. इतक्या पत्रांना इतकेच उत्तर: "बाबांना म्हणावं, अक्षर बारीक झालंय, डोळे तपासून घ्या." मी तो निरोप तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने डोळे वटारले. उद्या नर्सबाईंच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहे.

एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे, आणि ती तुला चौकीतून कळण्याचा संभव नाही.

शुक्रवारी चित्रण पाहून झाल्यावर आम्हा तिघांचे जबाब झाले. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवरही तसाच कॅमेरा होता. त्याने मान वर न करता ठरलेले प्रश्न विचारले. नाव, वय, पत्ता. मग, "संबंधित अधिकाऱ्यांशी आपलं नातं?"

मी त्याच्या छातीवरच्या दिव्याकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "नसेल तर नाही म्हणा, आजोबा." मी म्हणालो, "ती माझी मुलगी आहे." त्याने मान वर केली. मी पुन्हा म्हणालो, कोणी विचारलेले नसताना, आणि मला वाटते थोडे मोठ्याने, "ती माझी मुलगी आहे. लिहा."

बाहेर पडताना चित्रणांच्या त्या बाईंना मी विचारले, हे माझे बोलणे किती दिवस राहील? त्या हसल्या. "ज्यात भांडण असतं, तक्रार असते, तेच जपून ठेवतात. बाकीचं काही महिन्यांनी आपोआप पुसलं जातं. तुमचं पुसलं जाईल, आजोबा. त्यात काय आहे?"

म्हणजे डेअरीवाल्याचे वाक्य राहणार आणि माझे जाणार. व्यवस्था म्हणून ते योग्य असेल. पण बाप म्हणून मला ते पटत नाही. म्हणून ते वाक्य इथे उतरवून ठेवतो: तू माझी मुलगी आहेस. हा कागद पुसला जाणार नाही. तू तो चुरगाळलास तरी चालेल.

आणखी पुष्कळ लिहायचे होते. माझ्याजवळ शब्दांची कधीच वाण नव्हती, हे तू जाणतेस. पण आत्ता तुझी आई खिडकीशी आली आहे आणि माझ्या खांद्यावरून वाचते आहे.

"कागद पुरे," ती म्हणते. "खाली गस्तीवर आलीय. आपल्याच दारासमोर उभी आहे. मारा हाक."

मी म्हणतो, दिवा लागलेला आहे.

"मग काय झालं? लागू दे."

गल्ली भरलेली आहे. डेअरीवाला दुकानाच्या पायरीवर आहे. इस्त्रीवाल्याने दुकान उघडले आहे आणि टेबल भिंतीला लावले आहे. सगळ्यांना ऐकू जाईल, आणि त्या यंत्रालाही. तुझे ते नाव मी मोठ्याने उच्चारल्याला फार काळ लोटला आहे, आवाज नीट निघेल की नाही, ठाऊक नाही.

पत्र इथेच सोडतो. खिडकी उघडतो आहे. वर बघ.